माक्याच्या पाल्यापासून केसांच्या मुळापर्यंत

भाताची लावणी आटोपून पंधरवडा लोटला की खाचराच्या बांधावर, पाटाच्या कडेला व विहिरीच्या थारोळ्याशी माका उगवू लागतो. हात-दीड हात वाढणारी, खरखरीत पानांची, पांढऱ्या बारीक फुलांची ही वनस्पती कोकणापासून विदर्भापर्यंत बहुतेक शेतकऱ्यांना तण म्हणूनच ठाऊक आहे. खुरपणीच्या वेळी ती उपटून बांधावर टाकतात. पण त्याच दिवशी घरातील वडीलधारी बाई त्या टाकलेल्या जुड्यांतील दोन जुड्या उचलून घरी नेते, पाट्यावर वाटून त्यांचा रस काढते आणि तिळाच्या अगर खोबऱ्याच्या तेलात तो आटवून घरादाराला पुरेल इतके केसांचे तेल करून ठेवते.

याच माक्याची चर्चा आता रसायनशाळांतून चालू आहे. केसांच्या वाढीस पोषक मानलेली वनस्पतिज द्रव्ये अतिसूक्ष्म कणांत भरून ती केसांच्या मुळापर्यंत पोहोचवावीत, असे प्रयत्न अनेक देशांत होत आहेत आणि त्यांना 'नॅनो' हे नाव पडले आहे. नाव नवीन असले म्हणजे त्याभोवती आशा लवकर गोळा होते. उद्या एखादा मध्यस्थ गावात येऊन, "नॅनो कारखान्यांना माका हवा आहे, भात मोडून एकरभर माका लावा, रोपे आम्ही पुरवितो," असे सांगू लागला, तर शेतकऱ्याने त्याला काय उत्तर द्यावे? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हे तंत्र काय आहे, त्याने काय साधते व काय साधत नाही, हे प्रथम नीट समजून घेणे अवश्य आहे.

मनुष्याच्या डोक्यावर सामान्यतः एक लाखाच्या आसपास केस असतात. प्रत्येक केस कातडीतील एका अरुंद खळग्यातून वर येतो. या खळग्याला केशकूप म्हणतात आणि कूप हे नाव अगदी यथार्थ आहे, कारण तो खरोखरच एखाद्या आडासारखा तीन-चार मिलिमीटर खोल असतो. त्याच्या तळाशी केसाचे जिवंत मूळ असते. केस सतत वाढत नाही. काही वर्षे तो वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, पुढे सुमारे तीन महिने तो विसावतो आणि शेवटी गळून त्याच जागी नवा केस येतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणे हे निरोगीपणाचेच लक्षण आहे; सकाळी कंगव्यात दोन केस दिसताच तेलाच्या दुकानाकडे धाव घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. वाढीचा काळ आखूड होत जाऊन केस उत्तरोत्तर बारीक निघू लागले, तर मात्र टक्कल पडू लागते.

तात्पर्य, औषध कोणतेही असो, त्याला तळाशी जावे लागते. वाटेत अडथळा आहे तो कातडीच्या सर्वांत वरच्या थराचा. हा थर मृत पेशींचा असून त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या जवळपास, म्हणजे कागदापेक्षाही कमी आहे. परंतु विटा व चुना यांनी बांधलेल्या भिंतीसारखी त्याची रचना आहे. पेशी या विटा आणि त्यांच्या मधील स्निग्ध पदार्थ हा चुना. फार मोठ्या रेणूंना ही भिंत थोपवून धरते. शिवाय जो पदार्थ केवळ पाण्यात विरघळतो त्याला मधला स्निग्ध भाग ओलांडता येत नाही, आणि जो केवळ तेलात विरघळतो तो त्या स्निग्ध भागातच अडकून राहतो. वनस्पतींतील पुष्कळ गुणकारी द्रव्यांची स्थिती नेमकी अशीच आहे.

माक्यातील एका प्रमुख द्रव्याचे नाव वेडेलोलॅक्टोन असे आहे. हे नाव माक्यावरून आलेले नाही, तर त्याच्या पिवळ्या फुलांच्या भावंडावरून, म्हणजे पिवळ्या माक्याच्या 'वेडेलिया' या शास्त्रीय नावावरून आले आहे. या द्रव्याची रचना १९५६ साली मद्रास येथील रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. हे द्रव्य पाण्यात अगदी अल्प प्रमाणात विरघळते. तेव्हा पाट्यावर वाटून काढलेल्या रसात ते किती उतरते आणि त्या रसाचे तेल केल्यावर त्यातील किती केशकुपाच्या तळाशी पोहोचते, हा प्रश्न उभा राहतो. जुन्या वैद्यांनी आपल्या परीने याची सोय केली होती. वाटलेला कल्क एक भाग, तेल चार भाग व रस सोळा भाग घेऊन पाणी आटेपर्यंत मंद आंचेवर शिजवावे, हे तेलपाकाचे प्रमाण तेलात विरघळणारी द्रव्ये तेलात ओढून घेण्याचीच युक्ती आहे.

नव्या तंत्राची युक्ती निराळी आहे. एक मीटर लांबीचे शंभर कोटी भाग केले असता त्यातील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. मनुष्याचा केस पन्नास हजार ते एक लक्ष नॅनोमीटर जाड असतो. त्याच्या जाडीच्या दोनशे-अडीचशेव्या हिश्श्याएवढा कण घडवून त्याच्या पोटात औषध भरावयाचे, अशी ही कल्पना आहे. १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील बॅब्रहॅम येथे अॅलेक बँगहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळून आले की, फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्ध पदार्थ पाण्यात घातले असता ते आपोआप पोकळ गोळ्यांचा आकार घेतात. या पदार्थाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते व दुसरे टोक पाणी टाळते. म्हणून रेणू पाठीला पाठ लावून उभे राहतात आणि त्यांची बंद पिशवी बनते. या पिशवीला लायपोसोम म्हणतात. पिशवीच्या पोटात पाण्यात विरघळणारे द्रव्य राहू शकते व तिच्या भिंतीत तेलात विरघळणारे. १९८६ साली एका फ्रेंच कंपनीने चेहऱ्यास लावावयाच्या मलमात या पिशव्या वापरून त्या बाजारात आणल्या. पुढे घन चरबीचे कण, तेल व पाणी यांचे अतिसूक्ष्म थेंबांचे मिश्रण, मद्यार्कयुक्त मऊ पिशव्या, कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानचे कण असे अनेक प्रकार निघाले. त्या सर्वांचे येथे वर्णन करण्याचे कारण नाही. एवढे मात्र सांगण्यासारखे आहे की, लायपोसोम करण्यास लागणारे लेसिथिन पुष्कळदा सोयाबीनच्या तेलातून निघते. कच्चे तेल शुद्ध करताना जो चिकट गाळ वेगळा होतो तोच त्याचा मूळ माल. मराठवाडा-विदर्भातील सोयाबीन पिकविणाऱ्याला आपल्या पिकाचा हा उपयोग क्वचितच ठाऊक असेल.

हे कण केशकुपात उतरतात की नाही, याची तपासणी बर्लिन येथे युर्गेन लाडेमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. त्यांचे २००७ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आपल्याकडील वाचकास विशेष मनोरंजक वाटतील. डुकराच्या कानाची कातडी मनुष्याच्या कातडीशी पुष्कळ अंशी मिळतीजुळती असते. त्या कातडीवर त्यांनी एकच रंगद्रव्य दोन रूपांत लावले. एकात ते सुमारे ३२० नॅनोमीटरच्या कणांत भरलेले होते व दुसऱ्यात नुसते विरघळविलेले होते. लावून तसेच ठेवले तेव्हा दोहोंत फारसा फरक दिसला नाही. परंतु लावल्यावर कातडी चोळली, तेव्हा कणांतील रंग केशकुपात बराच अधिक खोल उतरला. मनुष्याच्या कातडीवर पाहता कण केशकुपात दहा दिवसांपर्यंत आढळले, तर नुसता रंग चार दिवसांपलीकडे सापडला नाही.

याचे कारण केसाच्या पृष्ठभागावर आहे. केसावर माशाच्या खवल्यांसारखे अतिपातळ खवले असतात. चोळताना केस हलतो आणि त्याचे खवले दातेरी चाकाप्रमाणे कणांना खाली ढकलीत नेतात, असा त्या संशोधकांचा तर्क आहे. कणाचा आकार खवल्यांच्या मापाशी जुळला तर तो अधिक खोल जातो. याच गटाने पुढे २०११ साली निरनिराळ्या आकारांचे कण तपासले, तेव्हा सुमारे ६०० नॅनोमीटरचे कण सर्वांत खोल गेले. त्याहून लहान कण मागे राहिले आणि मोठेही मागे राहिले. जितका कण सूक्ष्म तितका गुण अधिक, ही जाहिरातीतील समजूत येथे खोटी ठरते. पुष्कळ देशांच्या नियमांत १०० नॅनोमीटरपर्यंतच्या कणालाच नॅनो म्हणतात. त्या मापाने पाहिले तर केशकुपात उत्तम उतरणारा कण नॅनोच्या पंक्तीत बसतही नाही. आणि तेल लावून डोके दहा मिनिटे चोळणाऱ्या आजीबाईंचा हात या शास्त्रात अगदीच अडाणी ठरत नाही, हेही नमूद करावयास हरकत नाही.

तथापि वाहन चांगले आहे म्हणून त्यात बसलेला प्रवासी गुणी आहे असे होत नाही. कणात भरलेल्या द्रव्याने केस खरोखर वाढतात काय, हा प्रश्न स्वतंत्र आहे आणि त्याचे उत्तर अद्याप अपुरे आहे.

माक्यासंबंधीचे जे प्रयोग वारंवार सांगितले जातात ते उंदीरवर्गीय प्राण्यांवरील आहेत. २००८ साली भारतात पांढऱ्या उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात पेट्रोलियम ईथरने काढलेला माक्याचा अर्क मलमातून लावला असता केस उगवण्यास लागणारा काळ सुमारे निम्म्यावर आला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात मिथेनॉलने काढलेला अर्क काळ्या उंदरांवर वापरला गेला आणि विसावलेले केशकूप वाढीच्या अवस्थेत गेल्याचे दिसून आले. या दोन प्रयोगांतील भेद जाणत्या वाचकाच्या लक्षात येईल. पेट्रोलियम ईथरमध्ये प्रामुख्याने चरबीसारखी द्रव्ये उतरतात, मिथेनॉलमध्ये निराळी उतरतात. दोन्हींनी गुण दिला असेल तर माक्यातील नेमके कोणते द्रव्य कामाचे आहे हे ठरलेले नाही, आणि ते ठरल्यावाचून कणात काय भरावयाचे हेही ठरत नाही. शिवाय उंदराचे केस एका लाटेत उगवतात व एका लाटेत विसावतात. मनुष्याचा प्रत्येक केस आपल्या स्वतंत्र वेळापत्रकाने चालतो. म्हणून उंदरावरील यश मनुष्याच्या टकलास तसेच लागू करणे धाडसाचे होईल.

मनुष्यावर तुलनात्मक प्रयोग झालेल्या थोड्या वनस्पतींत रोझमेरी ही एक आहे. १९९८ साली स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथील प्रयोगात, चट्टे पडून केस जाणाऱ्या ८६ रुग्णांपैकी एका गटास रोझमेरी, थाइम, लव्हेंडर व सीडर यांची सुगंधी तेले मिसळलेले तेल सात महिने रोज चोळावयास दिले व दुसऱ्या गटास नुसते साधे तेल. शेवटपर्यंतच्या हिशेबात पहिल्या गटातील ४३ पैकी १९ जणांना गुण आला, दुसऱ्यातील ४१ पैकी ६ जणांना. २०१५ साली इराणमध्ये १०० पुरुषांवर रोझमेरीचे तेल व २ टक्के मिनॉक्सिडिल यांची सहा महिने तुलना करण्यात आली. तीन महिन्यांअखेर कोणत्याही गटात फरक दिसला नाही, सहा महिन्यांअखेर दोन्ही गटांत केस सारखेच वाढलेले आढळले. हा निष्कर्ष उत्साहवर्धक आहे, पण नुसते साधे तेल लावलेला तिसरा गट त्यात नव्हता, ही त्याची उणीव दृष्टिआड करता येत नाही.

मिनॉक्सिडिल हे वनस्पतिज नव्हे. रक्तदाबावरील गोळी म्हणून ते १९७९ साली अमेरिकेत मान्य झाले, ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याचे आढळले आणि १९८८ साली डोक्यास लावण्याचे औषध म्हणून त्यास तेथे मान्यता मिळाली. मद्यार्कात विरघळविलेले हे औषध काहींच्या डोक्यास खाज आणते. नॅनोकणांचा एक खरा उपयोग येथे संभवतो: मद्यार्क टाळावा, औषध थोडे लावावे आणि ते मुळाशी अधिक काळ टिकावे.

'औषध थोडे लावावे' हे शब्द शेतकऱ्याने अधोरेखित करून ठेवावेत, कारण त्याच्या हिताचा सारा प्रश्न त्यांत सामावलेला आहे. उदाहरणादाखल एक साधा हिशेब मांडून पाहू. शंभर मिलिलिटरच्या एका बाटलीत एक ग्रॅम माक्याचा अर्क आहे असे समजा, आणि वाळलेल्या पाल्याच्या वजनाच्या दशांश इतका अर्क निघतो असे धरा. म्हणजे एका बाटलीस दहा ग्रॅम वाळलेला पाला लागला. अशा एक लाख बाटल्या भरावयाच्या झाल्या तरी लागतो तो एक टन वाळलेला माका. हा माल पुरविण्यास फार शेतकऱ्यांची गरज पडत नाही. उलट नॅनोकणांमुळे अर्धाच अर्क पुरेल असा कारखान्याचा दावा खरा ठरला, तर अर्धाच टन लागेल. हे तंत्र यशस्वी झाल्याने पाल्याची मागणी वाढेलच असे मुळीच नाही. वाढेल ती पाल्याच्या शुद्धतेविषयीची मागणी. केसांच्या तेलांचे कारखाने व आयुर्वेदीय रसशाळा यांची जुनी मागणी आहेच आणि माका लावणाऱ्याने आपला हिशेब तिच्यावरच बसवावा. भात मोडून माका लावण्यास सांगणाऱ्या गृहस्थास त्याची खरेदी किती टनांची, कोणत्या कारखान्यासाठी व कोणत्या लेखी दराने, हे प्रथम विचारावे. त्याच्या पत्रकात नवे केस उगविण्याची हमी छापलेली असेल तर अधिकच सावध राहावे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या 'जे' परिशिष्टात, औषधाने बरे करण्याचा दावा करू नये अशा विकारांच्या यादीत टक्कल आणि नव्या केसांची वाढ यांचा समावेश आहे.

ज्यांच्याजवळ ओलीची जमीन आहे व खरेदीदार निश्चित आहे, त्यांना थोड्या क्षेत्रावर माका करून पाहण्यास हरकत नाही. पहिली काळजी ओळखीची. पांढऱ्या फुलांचा तो खरा माका. त्याची पाने देठाविना समोरासमोर येतात आणि खोड बोटांनी चुरडले असता निघणारा रस थोड्याच वेळात काळा पडतो. पिवळ्या फुलांचा माका ही निराळी वनस्पती आहे आणि बागांतून जमीन झाकण्यासाठी लावतात ती पिवळ्या फुलांची परदेशी वेल आणखी निराळी. भृंगराज या एकाच नावाखाली बाजारात सरमिसळ होते. पिवळ्या माक्यातही वेडेलोलॅक्टोन असल्यामुळे केवळ त्या एका द्रव्याची तपासणी करून ही भेसळ हमखास उघडकीस येईल असे नाही.

माक्याचे बी फार बारीक असते व त्याला रुजण्यास उजेड लागतो. पुष्कळांची रोपे उगवत नाहीत याचे कारण ते बी मातीने झाकतात. ओल्या वाफ्यावर बारीक रेतीत मिसळून ते फेकावे व हाताने हलके दाबावे; वर माती लोटू नये. ओल्या जमिनीस टेकलेल्या खोडाच्या पेरांसही मुळे फुटतात, तेव्हा फुटव्यांवरूनही लागवड होते. रोपे फुलोऱ्यावर येताच कापणी करावी. सामान्यतः पानांत गुणद्रव्य अधिक असल्याने मुळे व जून देठ मालात मिसळू नयेत. कापलेला पाला ढिगात ठेवल्यास तापून काळा पडतो व त्यास बुरशी येते; म्हणून तो सावलीत, वारा खेळेल अशा जागी, मांडवावर पातळ पसरून वाळवावा.

आणि येथेच लेखाच्या आरंभीच्या त्या बांधावरच्या माक्याकडे परत यावे लागते. घरच्या तेलाला तो चालत आला असला, तरी कारखान्यास तो देणे जोखमीचे आहे. भातावर फवारलेली तणनाशके व कीटकनाशके बांधावरही पडतात. गावाच्या सांडपाण्याच्या गटाराकाठी माका जोमाने वाढतो, पण अशा जागी तो शिसे, कॅडमियम यांसारखे धातू शोषून घेऊ शकतो. अर्क काढताना अनेक किलो पाल्याचे सत्त्व थोड्या ग्रॅमांत आणले जाते, आणि त्याबरोबर तेलात विरघळणारी विषेही एकवटू शकतात. केशकुपात दहा दिवस टिकणारा कण आपल्या पोटात काय आहे याची निवड करीत नाही. आयुर्वेदीय औषधांसाठी ठरविलेली मर्यादा अशी आहे: एक किलो मालात शिसे १० मिलिग्रॅम, आर्सेनिक ३ मिलिग्रॅम, पारा १ मिलिग्रॅम व कॅडमियम ०.३ मिलिग्रॅम यांहून अधिक असू नये. यांपैकी एकाही बाबतीत माल उतरला नाही तर संपूर्ण गाडी परत येते आणि भाडे शेतकऱ्याच्या अंगावर पडते.

म्हणून माल रवाना करण्यापूर्वी प्रत्येक शेताचा पाला निरनिराळा ठेवावा, त्यातून सर्व थरांतील मूठमूठ घेऊन नमुना करावा व त्याचे दोन सारखे भाग करावेत. एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे धाडावा. दुसरा कोरड्या डब्यात बंद करून त्यावर शेताचा गट क्रमांक, कापणीची तारीख व खरेदीदाराची सही घ्यावी, आणि पैसे हाती पडेपर्यंत तो डबा उघडू नये.